थोडे भाजले तर

नागपूरहून जबलपूरकडे जाणारा हमरस्ता कामठी मागे टाकून कन्हान नदी ओलांडतो, तेव्हा पलतीरावर पारशिवनी तालुक्यातले जे गाव लागते, त्याने नदीचेच नाव धारण केलेले आहे. नागपूर शहराची तहान भागविणारी ही नदी, येथून रामटेककडे फुटणारा लोहमार्गाचा फाटा आणि भोवतालच्या कोळशाच्या खाणी ही या गावाची मुख्य ओळख. आणि जेथे कोळसा हाताशी, वैशाखातले ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात आणि ताटात तर्रीदार रस्सा, तेथे विस्तवाशी माणसाचा व्यवहार रोजचा असायचाच. या व्यवहारातले मोठे अपघात क्वचित घडतात आणि त्यांची दखल पोलीस ठाण्यापासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वत्र घेतली जाते; परंतु बोटाला बसलेला तव्याचा चटका, मनगटावर उडालेले तेल, पोटरीला टेकलेला मोटारसायकलचा सायलेन्सर यांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम अथवा गंभीर स्वरूपात भाजतात; जी थोडीशी भाजतात त्यांची गणतीच नाही. अशा सौम्य भाजण्याचा इलाज घरच्या घरी, जवळजवळ फुकट आणि उत्तम रीतीने होऊ शकतो. मात्र त्याकरिता भाजणे खरोखर सौम्य आहे की नाही हे ओळखता आले पाहिजे, आणि पहिली वीस मिनिटे कशी खर्ची घालावीत हे ठाऊक पाहिजे.

या भागातली लंबी रोटी करताना एकदा लक्षपूर्वक पाहावे. गव्हाच्या कणकेचा अतिशय सैल गोळा परातीत आपटून आपटून तार सुटेपर्यंत मळलेला असतो. तो दोन्ही तळहातांवर आणि पुढे थेट कोपरापर्यंत झुलवीत झुलवीत लांबविला जातो, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर एका झोकात पसरला जातो. त्या झोकाच्या शेवटच्या क्षणी करणारणीचा हात मडक्यापासून दोन बोटांवर आलेला असतो, आणि अंदाज किंचित चुकला की मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवर चटका उमटतो. याच घरात कोळशाची सिगडी असेल तर तिची बाहेर ओतलेली राख वरून पांढरी व निरुपद्रवी दिसते, पण पोटात निखारा बाळगून असते, आणि अनवाणी धावणाऱ्या पोराचा पाय नेमका तिच्यात पडतो. सकाळच्या पोह्यांवर घ्यायची तर्री तर तेलाचा जाड थर डोक्यावर घेऊनच उकळते, आणि तेल पाण्याप्रमाणे अंगावरून ओघळून न जाता चिकटून बसत असल्यामुळे तिचा चटका नुसत्या गरम पाण्यापेक्षा खोल जातो. सायलेन्सरचा चटका रुपयाएवढा दिसला तरी धातू फार तापलेला असल्याकारणाने बहुधा दिसतो त्याहून खोल असतो.

खोल म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्वचेची रचना थोडक्यात ध्यानी घ्यावी लागते. वरचा पातळ थर ही बाह्यत्वचा. तीत रक्तवाहिन्या नसतात आणि ती सतत झिजून सतत नवी होत असते. तिच्याखालची जाड अंतस्त्वचा रक्तवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळे आणि घर्मग्रंथी यांचे आश्रयस्थान आहे. आणि तिच्याहीखाली चरबीचा थर आहे. दाह केवळ बाह्यत्वचेपुरता राहिला तर जागा लाल होते, कोरडी राहते, हात लावताच दुखते, दाबली असता क्षणभर पांढुरकी पडून पुन्हा लाल होते, आणि फोड मात्र येत नाही. ही पहिल्या श्रेणीची भाज होय. ती आठवड्याभरात, कातडीचा पापुद्रा निघून, व्रण न ठेवता बरी होते, आणि भर उन्हात दिवस काढल्यावर मानेवर व दंडांवर संध्याकाळी जी लाली व आग जाणवते ती हिचेच उदाहरण आहे. दाह अंतस्त्वचेच्या वरच्या भागात शिरला म्हणजे पाण्याने भरलेला फोड येतो. तो फुटल्यास खालची जागा गुलाबी, ओलसर आणि वाऱ्याच्या झुळकीनेही ठणकणारी असते. ही दुसऱ्या श्रेणीची उथळ भाज असून तिला भरून यायला दोन ते तीन आठवडे लागतात. दाह आणखी खाली गेला की जागा पांढुरकी-लाल ठिपकेदार दिसते व वेदना उलट कमी होते. आणि संपूर्ण त्वचाच जळाली असेल तर ती पांढरी, तपकिरी वा कोळशासारखी काळी, चामड्याप्रमाणे कडक आणि पूर्णपणे बधिर होते, कारण वेदना वाहून नेणारे मज्जातंतूच तेथे शिल्लक राहिलेले नसतात. ‘फारसे दुखत नाही, म्हणजे फारसे भाजलेले नाही’ हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज म्हणूनच अत्यंत घातक आहे. ठणका हे त्वचा जिवंत असल्याचे लक्षण होय. शांत पडलेली पांढरी जागा हीच वैद्याला चिंतेत टाकते.

ही श्रेणीची कल्पना आपल्याला परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात अग्निदग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितलेले असून, रंग बदलून आग होते ते प्लुष्ट, तीव्र वेदनेसह फोड उठतात ते दुर्दग्ध आणि मांस लोंबते, ज्वर, तृष्णा व मूर्च्छा येते ते अतिदग्ध, अशी त्यांची लक्षणे दिलेली आहेत. युरोपात भाजण्याच्या तीन श्रेणी मांडणारा हिल्डानस या शल्यविशारदाचा ग्रंथ 1607 साली निघाला, हे लक्षात घेतले म्हणजे सुश्रुताच्या निरीक्षणाची योग्यता कळून येते. मात्र प्लुष्टाच्या उपचाराबाबत त्याने थंड पाण्याला स्पष्ट नकार दिलेला आहे. थंडाव्याने रक्त साकळते, सबब दग्ध भागास शेकच द्यावा, असा त्याचा अभिप्राय होता. ‘भाजल्यावर पाणी लावू नये, फोड येतो’ ही आपल्या घराघरांतून ऐकू येणारी ताकीद याच अभिप्रायाशी जुळणारी आहे. आणि आधुनिक वैद्यकाने या एका मुद्द्यावर त्याच्या नेमका उलट निर्णय दिलेला आहे. फोड पाण्यामुळे येत नसतो. तो आधीच आत शिरलेल्या उष्णतेमुळे येतो, आणि पाणी वेळीच मिळाले तर तो लहान राहतो किंवा टळतो.

या निर्णयामागची कारणमीमांसा मोठी उद्बोधक आहे. त्वचेची हानी तापमान आणि वेळ या दोहोंच्या मेळाने ठरते. 1947 साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी प्रयोगांनी असे दाखविले की 44 अंश सेल्सिअसच्या स्पर्शाने त्वचा जळण्यास सुमारे सहा तास लागतात, 60 अंशांना सुमारे पाच सेकंद पुरतात, तर 70 अंशांना जेमतेम एक. टपरीवर नुकताच गाळून पेल्यात ओतलेला चहा आणि कढईतले तेल यांची गोष्ट मग वेगळी सांगावयास नको. आणि लहान मुलाची त्वचा पातळ असल्यामुळे त्याच्या बाबतीत ही मुदत आणखी आखूड होते. पुढे 1953 मध्ये जॅक्सन या इंग्रज शल्यविशारदाने भाजलेल्या जागेत तीन वलये असतात असे प्रतिपादन केले: मध्यभागी पेशी मृत झालेला भाग, अगदी कडेला नुसता लाल झालेला व आपोआप सुधारणारा भाग, आणि या दोहोंच्या दरम्यान रक्ताभिसरण मंदावलेला, जगेल की मरेल याचा फैसला अद्याप न झालेला भाग. विस्तवावरून खाली उतरविल्यावरही भाताचे भांडे जसे आतल्या आत वाफेवर शिजत राहते, तशीच उष्ण वस्तू दूर झाल्यानंतरही त्वचा काही काळ आत तापलेलीच असते, आणि त्या अवधीत मधले वलय मृताच्या बाजूला झुकते. वाहते पाणी ही उष्णता काढून घेते, सूज व ठणका कमी करते, आणि मधल्या वलयाला जगण्याची संधी देते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात भाजलेल्या सुमारे अडीच हजार मुलांच्या नोंदी तपासून 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांच्या जखमेवर पहिल्या तीन तासांत वीस मिनिटे वा अधिक काळ थंड पाणी वाहिले गेले होते, त्यांच्यावर त्वचारोपण करावे लागण्याचा संभव चाळीस टक्क्यांहून अधिक घटला होता. इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक इलाज वैद्यकात दुर्मीळच.

आता हे पाणी द्यावे कसे याचा तपशील. सर्वप्रथम विस्तव वा गरम वस्तू दूर करावी. त्या जागेवरचा तापलेला वा गरम द्रवाने भिजलेला कपडा काढून टाकावा, मात्र तो कातडीला चिकटला असेल तर ओढू नये. अंगठी, बांगड्या, घड्याळ, पायातली जोडवी हे सर्व ताबडतोब उतरवावे, कारण तासाभरात सूज चढल्यावर तेच दागिने रक्तपुरवठा आवळून धरतात आणि मग ते कापून काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. नंतर भाजलेली जागा नळाच्या मध्यम धारेखाली घड्याळ लावून वीस मिनिटे धरावी. ठणका पाचव्या मिनिटाला शमला तरी हात काढून घेऊ नये. येथे कन्हानकडच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी इतके तापते की नळाची पहिली धार अंग पोळते. अशा वेळी ते पाणी आधी वाहून जाऊ द्यावे, अथवा सरळ माठातले वा रांजणातले पाणी लोट्याने सावकाश ओतावे. हवे असते ते साधारण पंधरा ते पंचवीस अंशांचे पाणी. बर्फ मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावून मधल्या वलयाचा उरलासुरला पुरवठाही बंद पडतो. पाण्याची टंचाई असेल तर घमेल्यात पाणी घेऊन हात बुडवून ठेवावा व ते कोमट होताच बदलावे, किंवा ओला स्वच्छ कपडा ठेवून तो वरचेवर बदलावा. पहिली काही मिनिटे चुकली तरी हताश होण्याचे कारण नाही. तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो.

पाण्याच्या जागी आपल्या घरांतून जे पदार्थ धावून येतात, त्यांची यादी लांब आहे: दंतमंजनाची पेस्ट, शाई, हळद, तूप, खोबरेल, गव्हाचे पीठ, चुलीतली राख. यांतील स्निग्ध पदार्थ आतली उष्णता बाहेर पडू देत नाहीत. पेस्टमधील द्रव्ये जखमेला झोंबतात आणि वाळल्यावर खरवडून काढावी लागतात. हळद व शाई यांचा रंग चढल्याने जखमेची खोली तपासणाऱ्या डॉक्टरला दिसेनाशी होते. आणि पीठ व राख यांच्याबरोबर जंतू थेट आत जातात. तुपाच्या लेपाचा उल्लेख सुश्रुतानेही दुर्दग्धासंबंधी केलेला आहे, परंतु आपण डब्यातले तूप पहिल्याच क्षणी थापतो तेव्हा पाणी देण्याची अमोल वेळ आपण दवडतो, हे नाकारता येत नाही.

याचा अर्थ घरगुती पदार्थांत काहीच गुण नाही असा करून घेऊ नये. आणि या विषयात महाराष्ट्रातील डॉक्टरांनी केलेले काम प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असावे असे आहे. मुंबईचे डॉक्टर केसवानी यांनी 1985 साली उकडलेल्या बटाट्यांच्या सालींची मलमपट्टी शास्त्रीय नियतकालिकातून जगापुढे मांडली. जाळीच्या पट्टीवर चिकटविलेल्या या साली निर्जंतुक करून जखमेवर ठेवल्या असता ती ओलसर राहते आणि पट्टी काढताना नवी कातडी सोलून निघत नाही. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये 104 रुग्णांवर मध आणि चांदीयुक्त सल्फाचे प्रचलित मलम यांची तुलना करून मधाच्या बाजूने निष्कर्ष नोंदविला. मुंबईच्याच शीव रुग्णालयात डॉक्टर माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांची पट्टी तयार करून 2003 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती अतिशय स्वस्त पडते आणि बदलताना वेदना होत नाही, हा तिचा मोठा विशेष. परंतु हे तिन्ही उपचार रुग्णालयांच्या देखरेखीखाली, पदार्थ वा पट्टी तपासून आणि पारखून केलेले आहेत. त्यांचा दाखला देऊन परसातले धुळकट पान वा परातीतली साल उघड्या जखमेवर ठेवण्याची मुभा कोणालाही मिळत नाही.

पाणी देऊन झाल्यावर जागा अलगद टिपून कोरडी करावी. पहिल्या श्रेणीच्या लालीवर कोरफडीचा स्वच्छ गर किंवा साधे सौम्य मलम लावले तरी चालते व पट्टीची गरज पडत नाही. फोड आला असेल तर तो फोडू नये; त्याची पातळ कातडी हे निसर्गाने स्वतः घातलेले निर्जंतुक आच्छादन आहे. त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारी पॅराफिनची जाळीदार पट्टी आणि वरून सैल बँडेज बांधावे. कापूस कधीही थेट ठेवू नये, कारण त्याचे तंतू जखमेत रुततात. दवाखान्यात जाईपर्यंत तात्पुरती तजवीज म्हणून स्वच्छ, कोरी प्लास्टिकची पिशवी हातावर सैल चढविली तरी काम भागते. ठणक्यासाठी मोठ्या माणसांना पॅरासिटामॉलची गोळी पुरते. मुलांना मात्रा वजनाप्रमाणे द्यावी आणि ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली होती याची खातरजमा करून, आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. पुढच्या दिवसांत कडेची लाली पसरू लागली, पू वा दुर्गंधी आली, ताप भरला किंवा कमी झालेली वेदना पुन्हा वाढली, तर जखमेत जंतुसंसर्ग झाला असे समजून दिरंगाई करू नये. जखम भरल्यावरही नवी कातडी काही महिने उन्हाला फार हळवी असते; दुपट्ट्याने वा पूर्ण बाहीच्या सदऱ्याने ती झाकल्यास तिच्यावर काळे डाग कमी पडतात.

काही प्रकारच्या भाजण्याला विस्तव लागतच नाही. विदर्भात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याबरोबर चुन्याची डबी घरोघर वावरते. त्या चुन्याचा कण डोळ्यात गेला तर वेळ न दवडता डोळा पाण्याच्या सौम्य धारेने दीर्घकाळ धुवावा आणि तसेच डॉक्टरांकडे जावे. भुकटीच्या रूपातला चुना अंगावर पडला तर प्रथम तो कोरडाच झटकून टाकावा आणि मग भरपूर पाणी घ्यावे. ओल्या सिमेंटमध्ये तासन्‌तास गुडघे टेकून काम करणाऱ्या गवंड्यांची कातडी अशीच क्षाराने, प्रथम काही न जाणवता, खोलवर जळते. विजेचा धक्का बसला असेल तर प्रवाह बंद केल्याशिवाय त्या माणसाला शिवू नये. आणि त्वचेवरची खूण मुगाएवढी असली तरी आतून स्नायू व हृदय यांना इजा झालेली असू शकते म्हणून रुग्णालयात जाणे अनिवार्य समजावे.

येथवरच्या विवेचनातून सौम्य भाजण्याची व्याख्या आपोआप सिद्ध होते. पहिल्या श्रेणीचा मर्यादित दाह किंवा दुसऱ्या श्रेणीचा, साधारण तीन इंचांहून लहान असा दाह सौम्य म्हणावा. विस्तार मोजण्यासाठी भाजलेल्या माणसाचाच तळहात, बोटांसकट, वापरावा, कारण तो त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे एक टक्का असतो. पण आकार लहान असला तरी भाजणे चेहऱ्यावर, हातापायांच्या पंजांवर, सांध्यावर किंवा गुह्यांगावर असेल, हात वा पाय याला वेढा घालणारे असेल, जागा पांढरी वा बधिर असेल, धूर छातीत गेला असेल, किंवा भाजलेली व्यक्ती तान्हे मूल, वृद्ध, गर्भवती अथवा मधुमेही असेल, तर त्याला सौम्य म्हणू नये. विशेषतः मधुमेही माणसाच्या पायाची संवेदना मंदावलेली असते, आणि मेच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून आलेला फोड त्याच्या ध्यानातही येत नाही. अशा वेळी पाणी देत देतच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. भाजणे मोठे असेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी नेण्याचा बंदोबस्त करावा. फार मोठा भाग भाजलेला असल्यास पाणी फक्त त्या भागावर घेऊन उरलेले अंग कोरड्या चादरीने झाकावे, कारण विशेषेकरून मुलांचे शरीर झपाट्याने गार पडते.

प्रतिबंधाबद्दल थोडेच सांगणे पुरे. कढईचा दांडा भिंतीकडे वळवावा, चहाचा पेला हातात असताना मूल मांडीवर घेऊ नये, सिगडीची राख पाणी शिंपडून मगच बाहेर टाकावी, आणि मोटारसायकलवरून लहान मुलाला नेहमी सायलेन्सर नसलेल्या बाजूने उतरवावे. इतकी सावधगिरी बाळगूनही चटका बसायचा तो बसेलच. तेव्हा, वाचकहो, हळदीच्या डब्याकडे वा तुपाच्या बरणीकडे धावू नका, प्रथम वीस मिनिटे थंड पाणी वाहू द्या, आणि ही एवढी गोष्ट घरातल्या लहान मुलांना व मोलकरणीलाही आजच सांगून ठेवा.